बोजा

गेल्या दिवाळीत दादांनी जुना ट्रॅक्टर देऊन नवा घ्यायचे ठरविले. हिशेबाला मी बरोबर. विक्रेत्याने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, टायर बुटाने दाबून पाहिले (बैलाचे निदान दात तरी पाहतात!) आणि किंमत सांगितली, ३ लाख १० हजार. बँकेचे देणे मात्र ३ लाख ९० हजार! यंत्र रोज झिजते. थकलेल्या हप्त्यावरचे व्याज, पाऊस पडो न पडो, वाढतच राहते. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा; तिचा ना-हरकत दाखला मिळाल्याशिवाय तो दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

"वरचे ८० हजार नव्या कर्जात घालू, काळजी कशाला?" विक्रेता हसला.

दादांना त्यात सोय दिसली. मला दिसले ते एवढेच, की विकून टाकलेल्या ट्रॅक्टरचे हप्ते आम्ही आणखी कित्येक वर्षे फेडणार.

"तू शिकतोस, तूच सांग," दादा म्हणाले.

असले उत्तर बापाला कसे द्यावे, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात दिलेले नाही. "नको," मी म्हटले.

त्याच ट्रॅक्टरवरून आम्ही परतलो. वाटेत कोणीच बोलले नाही. अजूनही तो नांगरटीत मध्येच बंद पडला, की बॉनेट उघडण्यापूर्वी दादा एकदा माझ्याकडे पाहतात.