हातचा एक

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर बाबांना मी डोंबिवलीहून बंगळुरूला आणलं. उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हातानं रोज काहीतरी लिहायला द्या, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. अक्षरं गिरवायला बाबांनी साफ नकार दिला. "मी काय बालवाडीत आहे?" मग गुणाकार दिले. जन्मभर बँकेत खतावण्या लिहिलेला माणूस आकड्यांना नाही म्हणाला नाही.

११ गुणिले ११, मग १११ गुणिले १११. असं करत आठवड्याभरात नऊ एककांपर्यंत आलो. १११११११११ ला तेवढ्यानंच गुणायचं. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. बेरजेला पहिल्या रकान्यात १, पुढच्यात २, मधोमध ९, आणि मग उतरण : १२३४५६७८९८७६५४३२१. कुठं हातचा नाही, काही नाही. बाबा बोट ठेवत स्थानं मोजत गेले, "एकं, दहं, शतं..." सतराव्या घराशी थांबून म्हणाले, "मध्य. पुढं परार्ध." सकाळी गोळ्या घेतल्या की नाही, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. कल्पना ज्या स्टेशनावर सुचली, त्याचं नाव दिलं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. बाबा हसले, "एवढी वर्षं त्या फलाटावर उभा राहिलो, मला लोकलशिवाय काही सुचलं नाही."

ही संख्या विषम, संयुक्त आणि पूर्ण वर्ग. तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं तिला नि:शेष भागही जातो. उलटी वाचली तरी तीच. पण मला विचाराल तर हा गुण तिचा कमी, आपल्या दहा बोटांचा जास्त. बारांच्या पटीत मोजणाऱ्याला ती अशी दिसणार नाही. वर्ग मात्र ती कशीही लिहा, वर्गच.

दहा एककं द्यायला नको होती. मला बघायचं होतं, हे खरं. बाबांनी मधल्या रकान्यात सरळ १० लिहिले : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मी काही न बोलता मोबाइलवर पडताळायला गेले, तर त्यात शेवटचे आकडे मावेचनात. मलाच कागदावर मांडावं लागलं.

बाबा बघत होते. त्यांनी पेन्सिल काढून घेतली, नवाच्या डोक्यावर बारीक १ लिहिला. दहाचं शून्य. पुन्हा हातचा. आठाचे नऊ झाले. १२३४५६७९००९८७६५४३२१.

"अगं, डावीकडचा आठ गेला कुठं?"

"हातचा मिळाला ना त्याला."

बराच वेळ ते त्या शून्यांकडे बघत राहिले. मग कागद उलटा केला आणि अकरा एककं मांडायला घेतली.