कात्रणांचा क्रम

मराठी समीक्षेचा फार मोठा भाग प्रथम नियतकालिकांत छापला गेला आणि त्यातला बराचसा पुस्तकांपर्यंत पोहोचलाच नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तिचे अंक सलग पाहावयाचे तर आज जुने ग्रंथालय गाठावे लागते. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'मुळे १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा माग लागतो. परंतु मासिकातले तीन पानी परीक्षण कुठे शोधावे? कुणीतरी ते कापून जपले असेल, तर अनेकदा तोच एक आधार उरतो.

आमच्या एका दिवंगत गुरुवर्यांची अशी कात्रणे त्यांच्या कुटुंबीयांनी आमच्या स्वाधीन केली. आम्ही दोघेही मराठीचेच अध्यापक असल्यामुळे ती रद्दीत जाणार नाहीत, हा त्यांचा विश्वास. गेले काही महिने रविवारची दुपार आम्ही या फायलींना दिली आहे. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कसर झटकायची, सेलोटेपचे तपकिरी डाग पडलेली पाने हलक्या हाताने सुटी करायची. वृत्तपत्री कागद उजेडात झपाट्याने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून घड्या उलगडून प्रत्येक कात्रण आम्ही स्वतंत्र लखोट्यात ठेवतो.

खरी अडचण तारखेची आहे. नियतकालिकाचे नाव व महिना नसेल, तर उत्तम लेखही प्रबंधाच्या तळटिपेत बसत नाही. अशा वेळी कात्रणाची मागची बाजू कामी येते. एका अर्धवट लेखाच्या पाठीवर केंद्रात जनता पक्षाचे मंत्रिमंडळ नुकतेच बनल्याचा उल्लेख सापडला. म्हणजे तो १९७७ च्या मार्च-एप्रिलच्या सुमाराचा. कापणाऱ्याला नको असलेल्या मजकुरानेच हव्या असलेल्या मजकुराची साक्ष दिली.

फायलींचा क्रम मात्र आमच्यात वादाचा विषय ठरला. सरांनी विषयवार विभाग केले होते : 'कविता', 'कादंबरी', 'समाज', 'भाषा'. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी सारे लेखकवार लावावे, असे आमच्यापैकी एकाचे मत होते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की अभिलेखागारात मूळ क्रम राखतात तो उगाच नाही. हा क्रम हेही एका वाचकाचे लेखनच आहे.

वाद मिटवला तो 'बलुतं'ने. दया पवार यांचे हे आत्मकथन १९७८ साली प्रकाशित झाले. त्यावरील परीक्षणे 'समाज' या फायलीत सापडली. त्या काळी दलित आत्मकथनांकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहावे की साहित्यकृती म्हणून, याची चर्चा मराठीत जोरात होती. तेव्हा सरांनी घेतलेली बाजू उघड होती. परंतु त्यांतल्या एका कात्रणाच्या कोपऱ्यात 'समाज' हा शब्द खोडून वेगळ्या शाईने 'कादंबरी' असे लिहिलेले दिसले, आणि पुढे तेही खोडून नुसते प्रश्नचिन्ह ठेवलेले. वर्गात 'बलुतं' शिकवताना सरांनी ही दुविधा कधी बोलून दाखवली नव्हती. ते ठाम बोलत, आम्ही ते उतरवून घेत असू. आमच्या वहीत त्यांचा निष्कर्ष आला, त्यांचा शोध या कोपऱ्यात राहिला.

आम्ही ती फाईल लेखकवार लावली असती, तर परीक्षणे सापडायला सोपी झाली असती. ते प्रश्नचिन्ह मात्र कुठल्या दोन विभागांमध्ये अडकले होते, हे कुणालाच कळले नसते. म्हणून फायली सरांच्याच क्रमाने ठेवल्या आहेत. लेखक, नियतकालिक, वर्ष यांची सूची आम्ही स्वतंत्र कार्डांवर करीत आहोत आणि जिथे गरज तिथे 'हेही पाहा' असा निर्देश देतो. 'बलुतं'च्या कार्डावर तीन फायलींचे निर्देश आहेत. त्यांतला एक 'भाषा' या फायलीचा, आणि तो आमचा.