आधी वाचक, मग लेखक

तुम्हांला भुताखेतांच्या आणि हेरांच्या गोष्टी आवडतात ना? पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, अशा युरोपातल्या गोष्टीही आता तुमच्यापर्यंत पोचल्या आहेत. त्या वाचताना अंगावर काटा येतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. घरात मात्र कोणीतरी विचारतेच, ‘‘अभ्यास सोडून हे काय वाचत बसलास?’’ या प्रश्नाचे उत्तर मी तुम्हांला एका लेखकाची हकिकत सांगून देणार आहे. त्या लेखकाचे नाव इब्ने सफी.

त्यांचे खरे नाव असरार अहमद. त्यांचा जन्म १९२८ साली उत्तर प्रदेशातील नारा या गावी झाला. हे गाव तेव्हा अलाहाबाद जिल्ह्यात होते. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून लेखक झाल्यावर त्यांनी ‘इब्ने सफी’ हे नाव घेतले. ‘इब्न’ म्हणजे मुलगा, हे तुम्हांला सांगायला नकोच.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांच्या हाती ‘तिलिस्मे होशरुबा’चा पहिला खंड लागला. हे खंड किती जाडजूड असतात, ते तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असतील तर पाहा. भाषा अवघड होती, पुष्कळ शब्द कळत नव्हते. पण गोष्ट काही सोडवेना. मग एकामागून एक खंड त्यांनी वाचून काढले. पुढे रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाची ‘शी’ ही कादंबरी उर्दूत ‘अज्रा’ या नावाने आली होती, तीही त्यांनी वाचली. एकीकडे आपल्या दास्तानींची जादू आणि दुसरीकडे आफ्रिकेतल्या साहसांची कथा! या दोन्हींनी मिळून त्यांच्या मनात एक निराळीच दुनिया उभी केली. सातवीत असताना त्यांची पहिली कथा एका साप्ताहिकात छापून आली.

ते कविताही करीत आणि विनोदी लेखही लिहीत. काही वर्षे त्यांनी अलाहाबादेत शिक्षकाचे काम केले. एकदा मित्रमंडळींत चर्चा चालली होती. एक जण म्हणाला, की उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही. असरार अहमद यांना हे पटले नाही. स्वच्छ, घरात सर्वांना वाचता येईल असे लिहूनही वाचक मिळवता येतात, असे त्यांचे म्हणणे होते. नुसते म्हणून ते थांबले नाहीत. १९५२ साली त्यांनी ‘जासूसी दुनिया’ ही मालिका सुरू केली. तिची पहिली कादंबरी होती ‘दिलेर मुजरिम’. तिचे कथानक एका इंग्रजी कादंबरीवरून घेतले होते, पण फरीदी आणि हमीद ही जोडी त्यांची स्वतःची होती. त्याच वर्षी ते कराचीला गेले. १९५५ साली ‘इमरान’ मालिका सुरू झाली. दोन्ही मालिका मिळून त्यांनी सुमारे अडीचशे कादंबऱ्या लिहिल्या.

आता एक गंमत पाहा. तिलिस्मातला अमर अय्यार तुम्हांला ठाऊक आहे. वेष पालटावा, शत्रूला हसवावे आणि हसता हसता फसवावे, ही त्याची रीत. इमरानही असाच आहे. तो बावळटासारखे बोलतो, भलतेच कपडे घालतो. आणि तोच गुप्तहेर खात्याचा प्रमुख ‘एक्स-टू’ असतो. लहानपणी वाचलेला अय्यार मोठेपणी नवे कपडे घालून आला, असे मला वाटते.

पण एक फरक आहे. तिलिस्मात जादू खरी असते. इब्ने सफींच्या रहस्यकथेत ती बहुधा खरी नसते. ‘खौफनाक इमारत’ या इमरानच्या पहिल्याच कादंबरीत एका ओसाड घरात प्रेते सापडतात. वाचणाऱ्याला वाटते, हे भुताचेच काम! शेवटी उलगडते, की त्यामागे माणूसच आहे. शेरलॉक होम्सच्या एका प्रसिद्ध कादंबरीतही तोंडातून आग ओकणारा भयंकर कुत्रा असाच फसवा निघतो. चांगली रहस्यकथा आधी घाबरवते आणि मग विचार करायला लावते. अफवा ऐकून धावत सुटण्याऐवजी ‘थांब, पुरावा काय?’ असे विचारायची सवय तिच्यामुळे लागते. ही सवय आज आपल्या सर्वांनाच हवी आहे.

१९६० च्या सुमारास इब्ने सफींना गंभीर मानसिक आजार झाला. जवळजवळ तीन वर्षे त्यांची लेखणी थांबली. त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे लावून इतर लोक पुस्तके काढू लागले. परंतु उपचारांनी ते बरे झाले आणि १९६३ साली ‘डेढ मतवाले’ घेऊन परतले. भारतात या पुस्तकाचे प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. मनाचा आजारही बरा होतो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो, हे लक्षात ठेवा. २६ जुलै १९८० रोजी कराचीत त्यांचे निधन झाले.

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करीत. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. पण मोहल्ल्यातल्या एका दुकानात पुस्तके भाड्याने मिळत. पाळी संपली की ते ‘जासूसी दुनिया’चा अंक आणीत. अडलेला शब्द शेजारच्या मागावरच्या वयस्कर कारागिराला विचारीत. मी बी. एड. झालो, तरी आजही माझ्या उर्दूतली चूक अब्बाच दाखवतात. शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही, म्हणून त्यांची भाषा टिकली.

हे सगळे मी तुम्हांला मराठीच्या पुस्तकात का सांगतो आहे? मराठीचा धडा जड वाटतो, असे तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. मराठीतही बाबूराव अर्नाळकर नावाचे लेखक होऊन गेले. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड मराठी घराघरांत पोचले होते. ग्रंथालयातून अशी एखादी रहस्यकथा आणा. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे, असा हट्ट धरू नका. आठ वर्षांच्या असरारलाही सगळे शब्द कुठे कळत होते? खुनी कोण, हे कळेपर्यंत वाचत राहा. पुस्तक मिटाल, तेव्हा वीस-पंचवीस नवे मराठी शब्द तुमच्या नकळत तुमचे झालेले असतील.