नंदू आणि काटदरे

दिलीप प्रभावळकरांचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "काय मेकअप असतो हो, ओळखूच येत नाहीत!" मला हे कौतुक थोडं अपुरं वाटतं. म्हणजे खोटं नाही. दूरदर्शनवरचा भित्रा चिमणराव, 'झपाटलेला'मधला तात्या विंचू (१९९३) आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी (२००६) हा एकच माणूस आहे, हे परक्याला सांगून पटायचं नाही. स्वतःच लिहिलेल्या 'हसवाफसवी'त तर ते एकाच प्रयोगात सहा भूमिका करायचे. त्यातले थकलेले गायकनट कृष्णराव हेरंबकर तुम्हाला आठवत असतीलच. पण वेष बदलणारे नट पुष्कळ असतात...

मला सांगायचंय ते दोन भूमिकांबद्दल. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त प्रभावळकर काटदरे होते, मतिमंद मुलाचे वडील. मुलाच्या, बच्चूच्या भूमिकेत अतुल परचुरे. आणि १९९१ च्या 'चौकट राजा'त (दिग्दर्शक संजय सूरकर) ते स्वतःच नंदू झाले. लहानपणी डोक्याला मार लागून मन मुलाचंच राहिलेला मोठा माणूस. एकच दुखणं, आधी बापाच्या बाजूने आणि मग आतून! हे दोन्ही केलेला दुसरा नट मला तरी माहीत नाही.

आमच्या घरी या दोन्हींना वेगळाच अर्थ होता. माझे धाकटे काका नंदूसारखेच. तुळिंजला आमच्या चाळीत पाण्याच्या रांगेत सगळ्यांचे हंडे नंबराने लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि ते कुणी मोडलं की रडायचे. चाळीतली पोरं मागून काय ओरडायची ते इथे लिहीत नाही. आजीला एकच घोर होता, माझ्यानंतर याचं कोण.

बाबांनी 'नातीगोती' दादरला शिवाजी मंदिरात पाहिलं. शेवटच्या विरार लोकलने आले, जेवले नाहीत, काकांच्या अंथरुणाशी बराच वेळ बसून राहिले. आईने विचारलं तर म्हणाले, "तो माणूस रडत नाही गं. काम करत राहतो." बस्स, एवढंच. नाटकाचं याहून चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

'चौकट राजा' पुढे टीव्हीवर लागला तेव्हा मात्र बंद करावा की काय, अशी आईची चुळबुळ सुरू झाली. काका समोरच बसलेले! पण प्रभावळकर नंदूची कीव मागत नाहीत, आणि त्याचं हसूही करत नाहीत. नंदूला राग येतो, हट्ट असतो, लाज वाटते. त्याची आई झालेल्या सुलभा देशपांडे त्याच्यावर चिडतातही. आजी पदर तोंडाला लावून बघत होती. शेजारच्या दोन-तीन बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांतल्या एकीने स्वतःच्या मुलाला काकांना "काका" म्हणायला लावलं. सिनेमाने समाज बदलतो वगैरे मला म्हणायचं नाही. आमच्या चाळीत एक मुलगा बदलला, तेवढं मी पाहिलं.

'लगे रहो'साठी आणि 'शेवरी'साठी मिळून त्यांना २००६ चा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला, वयाच्या ८१ व्या वर्षी, तोही मध्यवर्ती भूमिकेत. दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री. असो, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

आजी गेल्यावर काका आमच्याकडेच राहिले. २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरची मालिका, आणि सत्तावन्नाव्या वर्षी ते त्यात आजोबा! मी काकांना सांगितलं, हाच तो नंदू. काका माझ्याकडे बघून हसले, मीच येडा असल्यासारखे.

"नंदू नाय. हे आबा," म्हणाले, आणि आवाज मोठा करायला सांगितला.