सिंदीहून मुक्तागिरीला, जुन्या जीपने

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली गाडी बोरखेडी मागे टाकून पुढे आली की सिंदीचे स्थानक लागते. वर्धा शहराला खेटून सिंदी (मेघे) नावाचे दुसरे गाव आहे. सेलू तालुक्यातील या सिंदीच्या नावापुढचा ‘रेल्वे’ हा शब्द दोन्हींमधला घोटाळा टाळतो. कापूस, सोयाबीन, तूर आणि चणा यांवर चालणारी ही बाजारपेठ. परगावच्या लोकांना ती अधिक ठाऊक आहे ती तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे लहान मुलांपासून थोरांपर्यंत सारे लाकडी नंदी घेऊन निघतात, आणि त्यांतले काही नंदी एवढे थोर असतात की ते ओढायला माणसे लागतात. लाकडी चाकांवरच्या त्या नंदीला कमानी नसतात. तो खडखडतच जायचा, आणि त्याचा खडखडाट कोणाला खुपतही नाही. माणसांच्या गाडीचे तसे नाही.

गावातील एका जैन व्यापारी कुटुंबाकडे महिंद्राची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. ती हौसेने घेतलेली नव्हती. या भागातील काळी जमीन पावसात फुगते, चाकाला थरावर थर चढवते आणि पांदणीत अडकलेली साधी गाडी बैलजोडी आणल्याशिवाय निघत नाही. कापसाचा सौदा करायला शेतावर जाणाऱ्या व्यापाऱ्याला चारही चाकांनी ओढणारी गाडी म्हणजे दुकानातल्या काट्याइतकीच कामाची वस्तू. तीस वर्षे तिने ते काम केले. मात्र तीच गाडी घरातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना घेऊन मुक्तागिरीला निघाली, तेव्हा आर्वीच्या अलीकडूनच परतली. आजींना पाठ सरळ करता येईना. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली त्या अर्धा तास बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “आता चला घरी. देवाने पाहिले एवढे.” ते वाक्य मुलाच्या मनात रुतून राहिले.

आजींचे पहिले मुक्तागिरी दर्शन लग्नानंतरच्या वर्षी झाले होते. सिंदीहून रेल्वेने मूर्तिजापूर, तेथून ‘शकुंतला’ या छोट्या गाडीने अचलपूर आणि पुढे दमणी. दमणीत खाली कडब्याचा जाड थर, त्यावर गोधडी आणि वर ताडपत्रीची सावली. पूर्वीच्या माणसांना सुखसोयी ठाऊक नव्हत्या असे आपण सहज म्हणतो. त्या दमणीची बैठक कशी घालावी हे गाडीवानाला आजच्या अनेक कारागिरांपेक्षा चांगले कळत होते. या वेळी नातवाने नागपूरहून नवी, मऊ गाडी भाड्याने आणण्याचा प्रस्ताव मांडला. आजींनी तो मोडून काढला. यजमानांनी घेतलेल्या गाडीतूनच जायचे, नाहीतर नको. यात हट्ट किती आणि माया किती हे घरात कोणी विचारले नाही.

म्हणून जीप मिस्त्रीकडे गेली. त्याने गाडीखाली सरकून पाहिले आणि बाहेर येऊन सांगितले, “काकाजी, गाडी कडक नाही, सुकली आहे.” जुन्या जीपची चारही चाके पोलादी कमानींवर असतात. एकावर एक ठेवलेले पाटे खड्ड्यावर वाकताना एकमेकांवर सरकतात आणि धक्का गिळतात. त्यांच्यामध्ये चिखल आणि गंज बसला की सारे पाटे मिळून एक जाड लोखंडी दांडा होतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट मणक्यापर्यंत पोचतो. मिस्त्रीने पाटे सोडवले, घासले, ग्रीस लावून पुन्हा जोडले. एक पाटा तडकलेला निघाला. शॅकलचे रबरी बुश झिजून नाहीसेच झाले होते. चारही शॉकअप बदलले गेले. शेतासाठी घातलेले खोल नक्षीचे टायर डांबरी रस्त्यावर सतत घुमत असत. ते काढून साधे टायर घातले आणि त्यांत हवा कंपनीच्या पाटीप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरली. आधीच्या खेपेस कोणीतरी प्रवास लांबचा म्हणून हवा ठासून भरली होती. त्याने गाडी अधिकच उडत होती.

खरा दोष मात्र आणखी एका ठिकाणी होता. शेतावरून आल्यावर पुढच्या चाकांची जोडणी सोडवायची राहून गेली होती आणि गाडी फोर व्हीलमध्येच आर्वीच्या रस्त्याला लागली होती. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. या जुन्या रचनेत पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांशी घट्ट बांधला जातो. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक मिटवतात, कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही. मग सारी यंत्रणा आतल्या आत पीळ खाते, स्टिअरिंग जड होते, वळणावर गाडी अडखळत, झटके देत चालते. चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि मागे बसलेल्याला कारण न कळता त्रास होतो. चिखलातला तारणहार कोरड्या रस्त्यावर असा वैरी होतो. जुनी फोर बाय फोर बाळगणाऱ्या घरांत गाडी कितीही नित्याची असली तरी प्रवासापूर्वी तो दांडा आणि हब एकदा पाहून घ्यावेतच.

यानंतर प्रश्न उरला बैठकीचा. पूर्वी आजींना ऐसपैस बसता यावे म्हणून मागच्या आडव्या बाकावर बसवले होते. ती जागा थेट मागच्या आसावर येते. तेथे धक्का सर्वांत मोठा, आणि आडवे बसल्याने ब्रेक लागला की कंबर पिळते. आता त्यांची जागा मधल्या सीटवर, दोन्ही आसांच्या मध्ये ठरली. सीटमध्ये घरच्याच कापसाची गादी होती. कापसाच्या व्यापाऱ्याला हे सांगायला नको, पण सांगितले पाहिजे: कापूस दबतो. तासाभरात बसणारा लोखंडी चौकटीवर येऊन टेकतो. गादीऐवजी घट्ट फोम घातला. तरीही आजी अवघडूनच बसत. त्याचे कारण सुनेच्या लक्षात आले. आजींचे पाय तळाला पोचत नव्हते. लोंबत्या पायांचा सारा भार मांड्यांच्या खालच्या बाजूवर येत होता, पायांना मुंग्या येत होत्या आणि तोल सावरण्यासाठी पाठ सतत ताठ राहत होती. सुनेने स्वयंपाकघरातला बसायचा पाट आणून पायांखाली सरकवला आणि कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल दिला. मिस्त्रीच्या साऱ्या बिलाच्या तोडीचा उपाय तो होता.

पौषातल्या एका सकाळी, सूर्योदयानंतर दोन घटका उलटल्यावर न्याहारी करून मंडळी निघाली. मागे सरकीची दोन पोती मुद्दाम टाकली होती. भारासाठी घडवलेल्या कमानी रिकाम्या गाडीत ताठर राहतात, थोडे वजन पडले की नमतात. गाळलेल्या पाण्याचे पिंप, खाकरे, दशम्या, गोळपापडी बरोबर होती. समृद्धी महामार्ग सेलू तालुक्यातूनच जातो, पण तो अमरावती शहराला टाळून जातो आणि ताशी 120 किलोमीटरची तेथील मर्यादा या पेटीसारख्या गाडीसाठी नाही. साठाच्या आत तिचे इंजिन शांत असते. त्यापुढे आतल्या माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून सेलू, वर्धा, आर्वी, तळेगाव हा जुनाच मार्ग धरला. कधी थांबायचे हे आजींनी ठरवले होते. एक सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे. दोन सामायिकांएवढा वेळ झाला की गाडी उभी करायची, चार पावले चालायचे, मगच पुढे.

आर्वीच्या अलीकडचा तो कडुनिंब आला तेव्हा कोणी काही बोलले नाही. तळेगावनंतर वर्धा नदीचा पूल ओलांडून गाडी अमरावती जिल्ह्यात शिरली. तिवसा, मोझरीचे गुरुकुंज, अमरावती. पुढे वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. येथेच 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी प्रवासात असताना मोटारीतच देह ठेवला. जन्मभर पायी फिरलेल्या माणसाच्या वाट्याला अखेर मोटारीतली आली. आपले मुनी आजही पायीच विहार करतात. परतवाड्याच्या रस्त्यावर कडेने चाललेला संघ दिसला तेव्हा गाडी थांबली, सर्वांनी उतरून वंदन केले आणि संघ पुढे गेल्यावरच ती हलली. आजींच्या हिशेबात हाही एक विसावाच झाला.

परतवाड्याहून खरपीमार्गे डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत उन्हे कलली होती, पण सूर्य मावळायला अवकाश होता. साडेतीन कोटी मुनींच्या निर्वाणाने पावन मानलेले हे सिद्धक्षेत्र बैतूल जिल्ह्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीत येते. भाविक मात्र बहुतेक विदर्भाचे. आजी स्वतः उतरल्या, दाराला धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि वर डोंगराकडे पाहत हात जोडले. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकले, रात्र धर्मशाळेत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या डोलीतून वर गेल्या. बावन्न मंदिरांपैकी किती झाली हे त्यांनी मोजले नाही. पौषात धबधब्याची धार बारीक असते. तिच्यासमोर त्या बराच वेळ बसल्या होत्या.

जीपच्या नोंदणीची मुदत येत्या चैत्रात संपते. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची वाढ मिळते. या गाडीला ती आजवर तीनदा मिळाली आहे. चौथ्यांदा घ्यावी की गाडी मोडीत द्यावी, यावर घरात एकमत नाही. नातू हिशेब मांडतो आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. पाट मात्र अजून मधल्या सीटखालीच आहे. सुनेने स्वयंपाकघरासाठी दुसरा करवून घेतला.

परतल्यावर मिस्त्रीने दुकानासमोर गाडी थांबवून विचारले, “काकाजी, कशी चालली?”

“तळेगावपासून अमरावतीपर्यंत आई झोपली होती,” मुलाने सांगितले.