तंबोरा बोलत नाही

भिंगारला राहणाऱ्यांना कंपनांचे नवल वाटत नाही. गाव छावणीचे. दूरच्या माळावर सरावाच्या तोफा सुरू झाल्या की खिडक्यांची तावदाने थरथरतात. एखादा अवजड ट्रेलर रस्त्याने गेला की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. आमच्या घरात या आवाजांच्या जोडीला आणखी एक आवाज होई. गवसणी काढून भिंतीशी टेकवलेल्या तंबोऱ्याची एखादी तार कोणी न छेडता गुंजू लागे. आई स्वयंपाकघरातून म्हणत, "जोड वाजली बघा."

आम्ही दोघे नवराबायको मराठीचे अध्यापक. 'कंपन', 'स्पंदन', 'झंकार' हे शब्द आमच्या रोजच्या वापरातले, आणि रोजच्या वापरातल्या शब्दांकडे जितके दुर्लक्ष होते तितकेच आमचे त्यांच्याकडे होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'कवीच्या अंतरीची स्पंदने' दर दहा ओळींना भेटतात. आम्हीही त्यांच्यासमोर बरोबरची खूण करून पुढे जात आलो.

आईंचे वय ऐंशीच्या पुढचे. पहाटे अर्धा तास खर्ज लावण्याचा त्यांचा नेम आमच्या लग्नाआधीपासूनचा. एका पावसाळ्यात तो बंद पडला. विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तंबोरा बोलत नाही रे."

हे वाक्य आम्ही ऐकले आणि, काय सांगावे, आम्हांला ते फार आवडले. वार्धक्य, ओसरता कंठ, मंदावलेली श्रवणशक्ती हे सारे चार शब्दांत आले, असे आम्ही एकमेकांशी बोललो. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीत थोडे कमी ऐकू येते असे निघालेही. आमच्या अर्थावर शिक्कामोर्तब झाले आणि तंबोऱ्यावर पुन्हा गवसणी चढली. अशा स्थितीत आठ महिने गेले.

उलगडा झाला तो शेजाऱ्यांमुळे. नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ एका संध्याकाळी सहज आले. त्यांनी गवसणी काढून तार छेडली. खट् असा कोरडा आवाज आला आणि क्षणात विरला. त्यांनी घोडीवरून बोट फिरवले आणि विचारले, "सर, ही कोणी तासली?"

तेव्हा आम्हांला आठवले. तारांनी घोडीवर चर पाडले होते म्हणून आम्हीच ती गावातल्या एका सुताराकडून घासून घेतली होती. त्याने काम चोख केले होते. घोडीचा माथा आरशासारखा सपाट होता.

"आमच्या गाड्यांच्या स्प्रिंगांचं असंच असतं," ते म्हणाले. साधी स्प्रिंग दुप्पट जोराला दुप्पट ताणली जाते. दोन धक्के एकत्र आले तर परिणामांची नुसती बेरीज करावी. गणित सरळ रेषेचे. पण ताणता ताणता स्प्रिंग अधिकाधिक कडक होत गेली की बेरीज मोडते. वेग वाढवत नेला की थरथर वाढत जाते आणि एका वेगाला एकदम कोसळते. वेग कमी करत आणला तर ती त्याच वेगाला परत येत नाही, बरीच खाली आल्यावर अचानक उसळते. म्हणजे गाडी आत्ता किती वेगात आहे एवढ्याने भागत नाही, ती कोणत्या बाजूने तेथे आली हेही पाहावे लागते. जर्मन अभियंता गेओर्ग डुफिंग याने १९१८ साली अशा अरेषीय कंपनांचे समीकरण मांडले.

तंबोऱ्याचे वर्म याच जातीचे आहे. तार धारदार कडेवर टेकलेली असती तर तिचे टोक एका बिंदूत बांधले गेले असते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित उतरती, गोलाईची. प्रत्येक आंदोलनात तार त्या उतारावर टेकते आणि सुटते. तिची लांबी जणू क्षणोक्षणी बदलते. तारेखाली सरकवलेला सुताचा धागा हा स्पर्श नेमका जुळवतो. त्या स्पर्शातून खालच्या स्वराची शक्ती वरच्या उपस्वरांकडे जाते. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, हा थॉमस यंगचा नियम. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जो उपस्वर नसावा तोही येथे ऐकू येतो. खर्जाच्या तारेतून जाणकारांना गंधार ऐकू येतो, तो तारेचा पाचवा उपस्वर. त्याला तेज येते ते या जवारीमुळे.

सुताराने सपाट केली होती ती ही जवारी. आईंचे वाक्य रूपक नव्हते. ते वाद्याच्या बिघाडाचे अचूक निदान होते आणि ते ऐकणारे आम्ही दोघे भाषेचे अध्यापक होतो.

आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशात तेथे दीडशेहून अधिक वर्षे तंतुवाद्ये घडत आली आहेत. कारागीर कानसीचा एकेक हात मारी, तार लावी, ऐके, पुन्हा उतरवी. मोजपट्टी कोठेच नव्हती. सूत केसभर सरकले आणि तो लाकडी सांगाडा एकाएकी भरून आला. तो भरत भरत आला नाही. आधी नव्हता आणि मग होता.

घरी आल्यावर आईंनी भोपळ्याला गाल लावला आणि बराच वेळ तारा छेडत राहिल्या. वरचे उपस्वर त्यांना आता पूर्वीसारखे ऐकू येत नसावेत. डॉक्टर अगदीच चुकले नव्हते. आम्ही काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबलो होतो. त्या म्हणाल्या, "पंचम उतरलाय. मणी जरा खाली ओढ."

आम्ही मणी खाली ओढला. आठ महिन्यांबद्दल त्यांनी कधी विचारले नाही. आम्हीही अजून सांगितलेले नाही. वर्गात मात्र कविता हाती घेतली की कोणी 'स्पंदने' म्हणण्यापूर्वी आम्ही आधी विचारतो : ओळ काय सांगते आहे, ते अगोदर सांगा.