पत्ता सांगणारी माणसं

दारू सोडवण्याच्या जाहिराती आमच्या लहानपणी काही कमी नव्हत्या. लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडच्या भिंतीवर, सगळीकडे एकच वाक्य असायचं: ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा.’ परळच्या आमच्या चाळीत आजीने तसल्या पुड्याही आणल्या आणि धाकट्या काकाच्या आमटीत कालवल्या. बुवा झाले, ताईत झाला, पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घालून झाली. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काकाचं सणावारी पिणं रोजचं झालं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’, भारतात 1957 पासून आहे. पण चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका शाळेच्या वर्गात, दारू सोडलेली माणसं दर आठवड्याला जमतात, याची आमच्या घरात कुणालाच कल्पना नव्हती.

कशी असणार? ही मंडळी जाहिरातबाजी करत नाहीत, बाहेर पूर्ण नाव सांगत नाहीत, बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. त्यामुळे मीटिंगचा पत्ता या तोंडून त्या कानाला जायचा. आमच्याकडे तो नळावर आला. पलीकडच्या चाळीतल्या एका बाईंनी काकूला हळूच विचारलं, ‘आमच्या ह्यांना पाठवू का?’ त्यांचे यजमान एकेकाळी गटारात पडलेले सगळ्या आळीने पाहिले होते. तेच आता इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जात. याहून मोठी खात्री कुठल्या पुडीची असणार?

ते एकटे आले नाहीत. सोबत आणखी एकजण होता. नव्या माणसाला भेटायला शक्यतो दोघांनी जायचं, अशी एएची जुनी रीत आहे. दोघांनी काकाला एक शब्द उपदेश केला नाही. आपण काय काय विकलं, पोराच्या बारशाला कसे शुद्धीत नव्हतो, तेवढं सांगितलं. आजी दाराआड उभी राहून ऐकत होती. आपल्या घरातली लाज दुसऱ्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. निघताना त्यांनी वार, वेळ आणि जागा लिहिलेली घडीची यादी खिशातून काढली, पण काकाच्या हातात दिली नाही. ‘गुरुवारी आम्हीच न्यायला येतो,’ म्हणाले. आणि आले.

एएचा जन्मसुद्धा अशाच शोधातून झाला. मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या अक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर व्यवसायातला माणूस मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून काही महिनेच झालेले आणि बाजूलाच बार. तिकडे न वळता त्याने चर्चच्या यादीवरून एका पाद्र्याला फोन लावला. मला बोलायला एक दारुडा हवाय, ही त्याची मागणी. फोनामागून फोन करत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचला आणि त्यांच्याकडे त्याची गाठ सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पाव तासासाठी आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. 10 जून 1935 हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा आणि एएच्या स्थापनेचा दिवस मानला जातो.

आपल्याकडे 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांच्या लेखनामुळे व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट मराठी वाचणाऱ्या घरांत शिरली. पुड्या कालवणाऱ्या आजीला ती आधीच कुणी सांगायला हवी होती.

आता पत्ता शोधावा लागत नाही. फोनवर शहर टाकलं की वार, वेळ, भाषा सगळं समोर येतं. सरकारची 14446 ही मोफत मदतवाहिनी आहे. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग आणि हॉल बंद झाले तेव्हा मीटिंगा झूमवर गेल्या, आणि त्यातल्या काही तिथेच राहिल्या. दुबईतला मराठी माणूस रात्री मुंबईच्या मंडळींत बसू शकतो. सगळ्यात मोठा फरक बायकांना पडला, असं मला ठामपणे वाटतं. पिणाऱ्या बाईसाठी तेव्हा नळावर कुणी हळू आवाजात विचारत नव्हतं. तिच्याबद्दल फक्त कुजबुज होती. आज ती दार लावून, कॅमेरा बंद ठेवून निदान ऐकू तरी शकते. त्यासाठी मी जुने दिवस आनंदाने सोडून देईन.

तरीही काकाला न्यायला आलेल्या त्या दोघांची उणीव भासते. पत्ता हाती आला म्हणजे पाऊल उचललं जातंच असं नाही. काका पहिल्या गुरुवारी शाळेच्या फाटकावरून परत फिरला होता. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा चहा सांगायला गेला. चहा संपेपर्यंत मीटिंग सुरू झाली होती, मग तिघे उशिरानेच आत शिरले. हल्ली तो तसाच फिरला असता तर कुणाला कळलंही नसतं. यादी बंद करायला बोट पुरतं.

पण कुणीतरी सोबत न्यायला येण्याची ती सोय संपलेली नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. यादीतल्या नंबरवर फोन करून ‘एकट्याने यायला भीती वाटते’ एवढं म्हणून पाहावं. स्टेशनबाहेर येऊन थांबणारी माणसं अजून आहेत.